आवडीमावशीची गप्प दुपार

पाणसुलीत अजून कौलं आली नव्हती, सगळी घरं गवतानं शाकारलेली होती, तेव्हाची ही गोष्ट. गाव डोंगराच्या उतारावर. वरच्या झऱ्याचं पाणी पाटानं खाली यायचं आणि घराघराच्या परसात चिऱ्यांनी बांधलेल्या तळीत पडायचं. त्याच पाण्यावर पोफळी, त्याच पाण्यावर गुरं आणि त्याच पाण्यावर माणसं.

त्या गावात आवडी नावाची एक पाथरवटीण होती. तळीची गळती बुजवण्यात तिचा हात धरणारं कोणी नव्हतं. पण पंचक्रोशीत ती ओळखली जायची ती तिच्या तोंडामुळे. चुना मळताना ती बोलायची, जेवताना बोलायची, आणि असं म्हणतात की झोपेतसुद्धा ती भिंतीशी वाद घालायची. नवरा लवकर गेला तो कान मिटायला, असं बायका हळूच म्हणत. आवडीमावशीच्या कानावर ते गेलं, तेव्हा ती सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसली.

एका वैशाखात बाळकोबा खोताची तळी भरेना. पाट रात्रंदिवस चालू, तरी पाणी पायरीच्या वर चढेना. लोक आपलं पाणी चोरतात, असं खोताच्या डोक्यानं घेतलं. पाट त्याच्या ताब्यातला. त्यानं सगळ्या घरांच्या पाण्याच्या वाटा बंद केल्या आणि सगळं पाणी आपल्या तळीत सोडलं. तळी तरीही तेवढीच. गावाच्या पोफळी मात्र माना टाकायला लागल्या आणि गुरं कोरड्या तळीत उतरून चिखल चाटू लागली.

लोक आवडीमावशीकडे आले. ती उठली ती सरळ खोताच्या परसात गेली. चोर नाही, गळती आहे, ती शोधून देते, आणि बुजली की पाट मोकळा करायचा, असं तिनं त्याला सांगितलं. सापडली नाही तर पावसापर्यंत पाट माझा, खोत म्हणाला. मावशी कबूल झाली. 

तिनं आधी पाट तोडून तळीत येणारं पाणी बंद करायला लावलं. तळीतलं पाणी हलायचं थांबलं. मग ती म्हणाली, आता मला गळती ऐकायची आहे, तेव्हा गावानं गप्प बसायचं.

पाणसुली तोवर कधी गप्प बसली नव्हती. जाती थांबली, मुसळं आडवी झाली, कोंबडे टोपल्यांखाली गेले. खोताच्या खोकणाऱ्या चुलत्याला रानात नेऊन बसवलं. राहिला खोतच. त्याला दर श्वासाला काहीतरी सुचायचं. शेवटी त्याच्या बायकोनं त्याच्या तोंडात गुळाचा मोठा खडा घातला. आणि मग मावशीनं चिऱ्याला कान लावला आणि तीही गप्प झाली. लोकांना खरं नवल त्याचंच वाटलं. असं म्हणतात, त्या दुपारी डोंगराच्या पोटातलं पाणी कूस बदलताना सगळ्या गावाला ऐकू आलं.

पायरीखालच्या कोपऱ्याशी ती थांबली. बरोबर आणलेल्या डब्यातली हळद तिनं पाण्यात कालवली आणि पळीनं हलकेच तिथं सोडली. हळदीचा धागा वळवळला आणि चिऱ्यांच्या सांध्यातून आत ओढला गेला. मावशीनं डबाच रिकामा केला.

आता हे पाणी जातं कुठे? गाव उतारानं धावत सुटलं. खाली वेताळाच्या देवळापाशी कातळातून एक झरा कुठून तरी फुटला होता. रवळू गुरव ते तीर्थ म्हणून वाटायचा. स्वतः खोत तांब्या घेऊन रोज सकाळी तिथं उतरायचा, कारण त्या तीर्थानं त्याचे दुखरे गुडघे बरे झाले होते. आणि आता तो झरा पिवळाधमक वाहत होता. रवळूनं देवाला हळद लागली म्हणून शंख फुंकला. खोत धापा टाकत आला आणि त्यानं लोटांगण घातलं.

मावशी सावकाश आली. खोत उठून बसेपर्यंत ती थांबली.

"खोतांनू, ही हळद देवाची न्हय. माझ्या डब्यातली आसा."

खोतानं कातळाकडे पाहिलं, वर आपल्या परसाकडे पाहिलं. आपल्याच तळीचं पाणी आपण हात जोडून पीत होतो, हे त्याच्या ध्यानात आलं. कोणी हसलं नाही, पण हसू दाबताना बऱ्याच जणांना खोकला झाला.

"मगे माझे गुडघे कशान बरे झाले?" त्यानं विचारलं.

"रोज ही घाटी उतरतास नि चढतास, तेनी."

खोत पुष्कळ वेळ गप्प बसला, आणि या वेळी त्याच्या तोंडात गूळ नव्हता.

तळी उपसली, तेव्हा सांध्यात खेकड्याचं बीळ निघालं. मावशीनं खांद्यापर्यंत हात घातला. खेकड्यानं तिचं बोट धरलं. तिनं त्याला त्याच्या आजोळापासून सुनावायला सुरुवात केली, आणि असं म्हणतात की ते ऐकून परातीएवढा तो खेकडा आपणहून बाहेर आला आणि माणसांच्या मधून मागे न बघता रानात निघून गेला. मग तिनं चिकण माती, काथ्या, आणि गूळ-हिरड्याच्या पाण्यात मळलेला चुना बिळात ठासला. संध्याकाळी पाट मोकळा झाला. देवळापाशी झरा आता आटणार, म्हणून पाटाचं उरलेलं पाणी वेताळाच्या देवळाजवळून न्यायचं ठरलं. खोत तांब्या घेऊन घाटी उतरत राहिला, अगदी म्हातारपणापर्यंत.

पुढे मावशी थकली. एका उन्हाळ्यात झऱ्याचं पाणी कमी झालं, तेव्हा ती काठी टेकत बघायला वर गेली ती परत आली नाही. शोधायला गेलेल्यांना काठी मिळाली आणि झरा मात्र भरून वाहत होता. म्हातारी माणसं सांगतात, ती डोंगराच्या आत शिरली आणि तिथल्या गळत्या बुजवत बसली आहे.

पाणसुलीत अजून वैशाखातली एक दुपार आवडीमावशीची असते. पाट तोडतात, पंप आणि मोबाइल बंद करतात, आणि घरोघरची माणसं परसात जाऊन तळीच्या भिंतीला कान लावतात. जो आधी बोलेल त्यानं साऱ्या वाडीच्या तळ्या घासायच्या, असा नेम आहे. दरवर्षी कोणी ना कोणी बोलतंच. गेल्या वर्षी सरपंच बोलले. सगळे गप्प आहेत का, एवढंच त्यांनी विचारलं होतं.