दोन गाठी, तीन गाठी आणि एक मणी

फार फार वर्षांपूर्वी, कारंद गावाला पूल सोडाच, धड घाटही नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. गावापुढची नदी तेव्हाही अशीच रुंद होती आणि तिच्या मधोमध एक भोवरा होता. पोहणारा कितीही पट्टीचा असो, भोवरा त्याला सोडायचा नाही. पलीकडे जायचं तर एकच नाव, आणि ती चालवणारी दोघं: सिदबा भोई आणि त्याची बायको गोजरा. दोघं भांडायची खूप, पण नाव काठाला लागली की भांडण नावेतच ठेवून घरी जायची, असं म्हणतात.

एका पावसाळ्यात कुठल्याशा सरदाराची फौज निघाली. नद्या भरलेल्या, तेव्हा फौजेला नावाडी हवे होते. सिदबाला विचारलं कुणी नाही, सरळ नेलं. गोजरा एकटीच नाव चालवू लागली. पलीकडे माणसं सोडली की ती घटकाभर तिथंच थांबायची आणि डोंगराकडे बघत राहायची. रिकाम्या नावेत बसून परत येणं तिच्या जिवावर यायचं.

दोघांनाही अक्षरओळख नव्हती. निरोप धाडायची त्यांची आपली एक रीत होती. दोरीला एक गाठ म्हणजे एक दिवस. दिवस फार असले तर गाठींपुढे लाकडी मणी ओवायचा, मणी म्हणजे सातपट. एवढ्या लिपीवर त्यांचा संसार सुखानं चालला होता.

भाद्रपदात एका सकाळी एक लमाण बैल हाकत गावात आला. वाटेतल्या ओढ्यांनी त्याला फार दिवस अडकवून ठेवलं होतं. त्यानं गोजराच्या हातावर दोरी ठेवली आणि निरोप सांगितला. दोरी सिदबानं पोळ्याच्या दिवशी दिली होती, तिथून पुढे दिवस मोजायचे. मोजणी भरेल त्या दिवशी सिदबा पलीकडच्या काठावर येणार. फौज डोंगरामागून जाणार होती आणि त्याला एकाच दिवसाची रजा होती. दिवस मावळला की परत फिरायचं, आणि मग फौज जी उत्तरेला जाणार ती कधी परतेल हे देवालाच ठाऊक.

गोजरानं दोरी बघितली. आधी दोन गाठी होत्या, मग बोटभर मोकळी दोरी, मग तीन गाठी आणि लगेच मणी. असली दोरी त्यानं कधीच धाडली नव्हती. ती धावत चावडीवर गेली.

सिदबाचा चुलता केरबा तिथं होता. त्यानं दोरी डोळ्यांजवळ धरली आणि म्हणाला, की मणी तिनाला लागून आहे. सात त्रिक एकवीस, त्यात वरचे दोन, झाले तेवीस. पोळ्यापासून तेविसावा दिवस म्हणजे आजचाच.

गावातल्या पोरांना शिकवणारे पंतोजीही तिथं होते, ते मात्र हसले. त्यांच्या मते वाचावं त्या क्रमानं करावं. दोन आणि तीन पाच, मग मणी, पाच सत्ते पस्तीस. अजून चांगले बारा दिवस आहेत. मधल्या मोकळ्या दोरीचं काय, असं केरबानं विचारलं, तर पंतोजी म्हणाले, हात घसरला असेल. मग काय, अर्धं गाव इकडे, अर्धं तिकडे. आधी बेरीज की आधी पट, यावर दुपार टळली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात. गोजराकडे कुणी बघितलंही नाही.

ती नदीकडे बघत होती. वर कुठंतरी पाऊस झाला होता, पाणी तांबडं झालं होतं आणि त्यातून अख्खी झाडं वाहत येत होती. केरबा तिला म्हणाला, "पोरी, मणी समद्या गाठींचा न्हाई, तिनाचा हाय. जा." पण पंतोजी शिकलेले. पडत्या फळाची आज्ञा मानून ती घरी गेली आणि चुलीपुढं बसली.

दिवस कलला तेव्हा तिला हाक ऐकू आली. नावेला घालतात तशी लांब, पाण्यावरून आलेली. चावडीवरचा वाद ऐन रंगात होता, तिथं कुणाला काही ऐकू आलं नाही. गोजरानं नाव पाण्यात लोटली. असं म्हणतात, की नाव मध्यावर आली तेव्हा भोवरा फिरायचा थांबला, आणि ती पार होईपर्यंत पाणी ताटातल्या पाण्यासारखं निवांत राहिलं.

पलीकडे कुणी नव्हतं. ओल्या वाळूत पावलं होती, काठापर्यंत आलेली, कितीदा तरी मागेपुढे झालेली आणि मग डोंगराकडे वळलेली. वाट बघता बघता त्यानं खडे मांडले होते. दोन खडे वेगळे, आणि त्यांच्याखाली सात-सात खड्यांच्या तीन ओळी.

ती पावलांमागून डोंगर चढली. माथ्यावर पोचली तेव्हा खाली विझलेल्या चुलींचा धूर तेवढा होता. सिदबा पुन्हा कधी आला नाही.

पस्तिसाव्या दिवशी पंतोजी आपणहून नावेत येऊन बसले. पलीकडे खडे बघून त्यांनी हात जोडले आणि माझ्यामुळं झालं म्हणाले. गोजरा म्हणाली, "चूक तुमची न्हाई, पंतोजी. पूर बघून मी भ्याले. मला बारा दिस पायजे हुते, ते तुमी दिलंत."

त्या दिवसापासून ती रोज संध्याकाळी एक गाठ मारू लागली. मणी तिनं कधीच ओवला नाही. जोडत जोडत दोरीचा दोर झाला, आणि तिचे केस पांढरे झाले तेव्हा तो दोर या काठापासून त्या काठापर्यंत पुरला, असं म्हणतात. तो धरून माणसं भोवऱ्यावरून नाव नेऊ लागली, आणि त्यानंतर भोवऱ्यानं कुणाचा जीव घेतला नाही. गोजरा कधी गेली हे कुणालाच सांगता येत नाही. एका संध्याकाळी नाव पलीकडच्या काठाला लागलेली दिसली आणि वाळूत दोघांची पावलं होती, असं म्हणतात.

आता तिथं पूल आहे. तरी कारंदचं कुणी परगावी निघालं, शिकायला असो की नोकरीला, तर गोजराआईच्या नावानं नदीकाठी बसतं आणि जितक्या दिवसांनी यायचं तितक्या गाठी स्वतःच्या हातानं मारतं. पट नाही, बेरीज नाही, एकेक दिवस वेगळा. दोनशे दिवस असले तर दोनशे गाठी. घरची माणसं शेजारी बसून राहतात, कुणी घाई करत नाही, आणि गाठी मारता मारता काहीजण जायचेच राहतात.