मधून चालण्याचा दिवस

आवडीचं कुणी खरं मानलं नाही. हे आधी ऐका, मग सोनखोलच्या भावकाईच्या मंडपात पाय ठेवा. ही सागवानी जमीन दर जत्रेआधी घासून काढतात. पण तेल चोळण्याआधी गावातला प्रत्येक पुरुष तिच्यावरून अनवाणी चालतो आणि बायका भिंतीला टेकून नुसते पाय बघतात. हसू नका. कारण आहे.

फार मागे, म्हणे, मंडप झाडायचा मान आवडीच्या घराकडे होता. त्या मानावरच घराला तांदूळ मिळे. दशावतारी नाचून, देवाच्या तरंगांच्या, म्हणजे लुगडी गुंडाळलेल्या उंच काठ्या आपटून फळ्यांना चरे पडलेले, समयांच्या तेलाचे डाग वेगळेच. मोठ्या मानकऱ्याने दाराला आतून कडी घालून बाहेरगावचे सुतार बसवले. रंधा मारायचा, भेगांत राळ नि भुसा भरायचा, वर तेल चोळायचं, एवढंच ठरलं होतं. दार उघडलं तेव्हा जमीन आरशासारखी. गाव खूश.

आवडी केर भरायला बसली नि तिचा हात थांबला. भुसा पांढरा. सागाचा भुसा कधी पांढरा असतो? कुंचा आपटला तर मधल्या फळ्या भद्द वाजल्या. ओल्या फडक्याने पुसलं तर फडक्याला काताचा तांबडा रंग.

"जुनी फळी गेली खंय?" तिने भर मंडपात विचारलं.

"गे आवडे, पाणी ओतून ओतून लाकूड तूच कुजवलंस, नि वर आमकांच इचारतंस?" मानकरी म्हणाला. लोक हसले. जत्रा झाली की झाडायचा मान तिच्याकडून काढायचा, असंही ठरलं.

आवडी देवीला नवस बोलली, फळी बोलेपर्यंत केसांत फूल माळणार नाही. पण देवीवर सोडून गप्प बसणारी ती नव्हे. मंडपाची किल्ली दोघांकडेच, भिवा गुरवाकडे आणि मानकऱ्याकडे. तिचा दोघांवर सारखाच संशय. भिवा तर तिच्याकडे बघायचंच टाळी. तिचा मान आता त्याच्या सुनेला मिळायचा होता ना!

जत्रेला ती खांबाआड उभी राहिली. तोंडं बघितलीच नाहीत. जन्मभर जमीन झाडणारी बाई, ती पाय बघणार. भिवा आरती घेऊन धाडधाड मधून गेला. पोरं मधूनच नाचत गेली. पालखीपुढे चालणारा मानकरी मात्र भिंतीच्या कडेकडेने, मांजरासारखा.

आवडीने कुंचा त्याच्या वाटेत आडवा टाकला.

"मानकऱ्यांनू, कडेन कित्याक? मधून येवा."

"बाजूक हो गे!"

"कित्याक? जमीन सागाचीच मा?"

ढोल थांबला. सारा गाव बघत राहिला. मानकऱ्याला पाऊल टाकावंच लागलं. आणि असं सांगतात, फळीतून बाईने हुंदका द्यावा तसा आवाज आला आणि तो गुडघ्यापर्यंत आत गेला. एवढी माणसं त्याच फळीवरून गेली होती, कुणाला ओरखडा नाही. देवीने माणूस निवडून घेतला. फळी निघाली सावरीच्या पांढऱ्या लाकडाची, मऊ, सागासारखी दिसावी म्हणून कात फासलेली. देवीचा साग त्याच्या नव्या माडीत सापडला.

आवडीचा मान राहिला, केसांत फूल आलं. तिची माफी कुणी मागितली असं कोणी सांगत नाही, मागितली नसणारच.

आजही त्या दिवशी कुणी कडेला सरकला की बायका त्याचं नाव-गाव विचारत नाहीत. त्या मानकऱ्याच्याच नावाने साऱ्याजणी ओरडतात, "मधून ये रे, रवळोजी!"