जेवणानंतरची गोळी

“…पण गुण शंभर टक्के येतो का, आप्पा?”

“तुला शाळेत कधी आला होता?”

ओसरीवर हशा पिकला. विचारणारा टेम्पोवाला होता, कंबर धरून बसलेला. तोही हसला, आणि हसताना कळ आली म्हणून लगेच थांबला.

म्हाळू हसला नाही. रांगेत सगळ्यांत शेवटी तो खांबाला टेकून बसला होता. त्याला कसलाही उपचार नको होता. आप्पांना चारचौघांत उघडं पाडायचं आणि निघून जायचं, एवढंच ठरवून तो सकाळच्या पहिल्या एस्टीनं आला होता.

जंगम आप्पांच्या मठात सोमवारी कुणाच्या अंगाला हात लावत नसत. कपाळावर तेलाची धार नाही, वाफ नाही, मातीचा लेप नाही. सोमवार फक्त विचारायचा. नव्या माणसानं आधी ओसरीवर बसायचं, मनातली शंका सगळ्यांदेखत विचारायची, दुसऱ्यांच्या ऐकायच्या, आणि पटलं तर मंगळवारी उपचाराला यायचं. आप्पांच्या वडिलांपासूनची रीत होती ती.

“वाफेनं दुखतं का ओ?”

“दुखत नाही. गुदमरतं. नको वाटलं की बाहेर यायचं.”

“फरक किती दिवसांत पडंल?”

“ते मला विचारू नका. तुमच्या बायकोला विचारा, तिला आधी कळेल.”

“मातीच्या लेपानं सर्दी हुती म्हणत्यात.”

“होते. सर्दी असेल तर येऊच नका.”

“आन धारेनं मेंदू गार हुतो, ते खरं?”

“झोप लागते. मेंदूचं मला माहीत नाही.”

म्हाळूला प्रत्येक उत्तर आधीच ठाऊक होतं. पाच सोमवारांपूर्वी तो याच ओसरीवर बसला होता. तेव्हाही असेच प्रश्न होते, अशीच उत्तरं. तेव्हा तो पोट धरून हसला होता.

तेव्हा शेजारी यमुनाक्का होती.

यमुनाक्का त्याची थोरली बहीण. आई दिवसभर दुसऱ्यांच्या रानात असायची. म्हाळूला न्हाऊ घालायचं, त्याची चड्डी शिवायची, मास्तरांनी मारलं तर मास्तरांच्या दारात जाऊन भांडायचं, हे सगळं अक्कानं केलं. स्वतः मात्र ती शाळेची पायरी चढली नाही. म्हाळू चौथीपर्यंत गेला आणि पळून आला. तरी घरात वाचता येणारा तो एकटाच. लाईटबिल, लग्नपत्रिका, औषधाची चिठ्ठी… काही आलं की अक्का पदराला हात पुसत यायची आणि म्हणायची, “वाच की रं, साहेब.”

“तुझं काय, म्हाळू?”

आप्पांना त्याचं नाव लक्षात होतं. त्याचाही त्याला राग आला.

इथं बसूनच विचारायचं असतं. म्हाळू उभा राहिला.

“लंघनानं माणूस मरतं का?”

लंघन म्हणजे आप्पांचा पहिला उपचार. तीन दिवस पोटात अन्न नाही, कोमट पाणी आणि मध तेवढा. समोर बसलेल्यांतले तिघे-चौघे त्यातच होते.

“कोण गेलं?” आप्पांनी विचारलं.

“अक्का.”

आप्पांच्या हातातली जपमाळ थांबली.

“कधी?”

“तिसऱ्या दिवशी. कालव्यावर धुनं घेऊन गेलती. चक्कर आली, पाय घसरला, पाण्यात पडली. तुमच्या लंघनानं अशक्त झालती ती. तुमी मारलं तिला. हे ह्या लोकांस्नी कळू दे म्हणून आलोय.”

टेम्पोवाला म्हणाला, “आरं, बोलतोयस कुणाशी…”

“तू तुझी कंबर बघ.”

आप्पांनी हात वर करून टेम्पोवाल्याला थांबवलं. मग म्हणाले,

“पाणी किती होतं?”

“आं?”

“कालव्याला. किती होतं पाणी?”

म्हाळूनं खाली बघितलं. हे त्याला मयतीला आलेल्यांनीही विचारलं होतं. अक्काचं लग्न ठरलं होतं, त्या नवऱ्या मुलाच्या चुलत्यानं दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा आईनं हंबरडा फोडून विषय मोडला होता.

“गुडघाभर.”

ओसरीवर कुणीतरी पाय आखडून घेतले.

“तरणी पोरगी,” आप्पा हळू आवाजात म्हणाले. “चक्कर येऊन गुडघाभर पाण्यात पडली तर गारव्यानं दचकून उठते, म्हाळू.”

“अशक्त झालती म्हणलं न्हवं.”

“मंगळवारी मी तिची नाडी धरली होती. काय होतंय, विचारलं. ती तुझ्याकडे बघायला लागली. तू म्हणालास, डोकं दुखतं.”

“दुखतच हुतं डोकं.”

“तेवढंच?”

…

म्हाळूच्या घरात त्या आजाराला नाव नव्हतं. ‘ते’ म्हणायचे. आज ‘ते’ आलतं. बाजारात ‘ते’ येऊ नये म्हणजे झालं. अक्का बारा वर्षांची असल्यापासून ‘ते’ होतं, आणि गोळ्या सुरू झाल्यापासून फार कमी झालं होतं. पण गोळ्या खाणारी पोरगी कोण करणार? चोवीस वर्षांची होईतो पाच स्थळं परत गेली. सहावं जमलं. वैशाखातली तारीख धरली. आणि म्हाळूनंच कुठून तरी ऐकून आणलं की आप्पांच्या धारेनं डोकं शांत होतं, मग गोळ्या लागत नाहीत. आप्पा तसं कधीच म्हणाले नव्हते. म्हाळूनं त्यांना विचारलंही नव्हतं.

“फिट यायच्या,” तो म्हणाला.

शब्द इतका लहान निघाला. अक्काच्या चितेजवळही जो कुणी उच्चारला नाही, तो इथं परक्या लोकांत, उन्हात, पडला.

“गोळ्या होत्या?”

“हुत्या. सकाळ-संध्याकाळ.”

“मग त्या तीन दिवसांत…”

“न्हाई घेतल्या.”

“मी बंद करायला सांगितलं?”

“न्हाई.”

“मग कुणी?”

म्हाळू एकदम खाली बसला.

“चिठ्ठीवर लिवलं हुतं,” तो म्हणाला. “जेवणानंतर… म्याच वाचून दाखवलं हुतं तिला, लई वर्सांमागं. जेवणानंतर. तर हितं तुमी सांगितलं, तीन दिस जेवायचं न्हाई. तिनं हळूच मला इचारलं. म्हाळू, जेवायचंच न्हाई तर माझी गोळी रं?”

“आणि तू?”

“म्या म्हणलं, जेवणानंतरची हाय ती. जेवणच न्हाई तर कशानंतर घेणार?”



त्या वेळी ते त्याला पक्कं वाटलं होतं. लिहिलेलंच तर तो सांगत होता. वर थोडी हौसही होती. एकदा सुटू देत या गोळ्या, बघू काय होतं. लंघनाचे दोन दिवस काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तो आईला म्हणालाही होता, बघ, बिनगोळीची कशी ठणठणीत हाय. अक्का चुलीपाशी बसून हसली होती. भुकेनं ओठ सुकले होते तिचे, पण हसली होती. वैशाखात तिला नेसायच्या साडीचा रंग तिनं त्याच संध्याकाळी ठरवला. मोरपिशी.

“तिला तुमास्नी इचारायचं हुतं,” म्हाळू म्हणाला. “सोमवारीच. हितंच. हात वर केलाता तिनं. पर रांगेत तिच्या सासरच्या गावची एक बाई बसलीती. गोळी म्हणली असती तर कशाची गोळी, कुणाची गोळी… समदं निघालं असतं. म्या तिचा हात धरून खाली वढला. म्हणलं, गप बस.”

“मग?”

“बसली की. माझं ऐकायची ती.”

तो रडला नाही. नाक पुसलं आणि नुसता बसून राहिला. आप्पांना उघडं पाडायला आलेला पोरगा आता कुणाच्याच तोंडाकडे बघत नव्हता.

रांगेतून एक म्हातारी पुढे सरकली. हौसाबाई तिचं नाव. गुडघ्यासाठी दुसऱ्यांदा मठात आली होती. डोक्यावरचा पदर नीट करत ती खालच्या आवाजात म्हणाली,

“आप्पा… रागवायचं न्हाई.”

“बोला.”

“मला बीपीच्या गोळ्या हायत्या. त्याबी जेवणानंतरच्याच. परवापास्नं घेतल्या न्हाईत. जेवले न्हाई म्हणून.”

“डोकं जड वाटतंय?”

“सकाळधरनं. म्हणलं लंघनाचंच असंल.”

“आत जा. पेज टाकलेली आहे, ती प्या. लंघन इथंच मोडलं तुमचं.” आप्पा टेम्पोवाल्याकडे वळले. “गाडी आणलीयस ना? यांना सरकारी दवाखान्यात घेऊन जा. गोळ्यांची पाकिटं सोबत न्या, आणि तीन दिवस घेतल्या नाहीत हे तिथं पहिल्यांदा सांगायचं. गोळी आता कशी घ्यायची ते डॉक्टर सांगतील. मी सांगणार नाही.”

“धार सोसंल न्हवं मग परत आल्यावर?” हौसाबाईनं विचारलं.

“आधी परत या.”

ती उठली. जाता जाता म्हाळूपाशी थांबली. त्याच्या डोक्यावर हात ठेवावा असं तिच्या मनात आलं असावं. हात अर्धा पुढं झालाही. मग काय वाटलं कोण जाणे, तिनं तो मागं घेतला आणि ती गुडघ्यावर हात रोवत आत गेली. टेम्पोवाला तिच्यामागं गेला. उरलेले एकेक करून उठले. आणखी दोघांनी आप्पांच्या कानाशी लागून आपापल्या गोळ्यांची नावं सांगितली, आणि तेही पेज प्यायला गेले.

ओसरीवर दोघंच राहिले.

“त्या बाईनं इचारलं,” म्हाळू म्हणाला.

“हं.”

“म्या सांगितलं म्हणून इचारलं.”

“हं.”

“अक्कानं तर कुणी न सांगताच इचारलं असतं.”

आप्पांनी जपमाळ खाली ठेवली.

“आप्पा, तुमी म्हणा. म्हाळू, तूच मारलंस. येकदा म्हणा. घरात कुणी म्हणंना. आई म्हणती, तिचं नशीब. मामा म्हणतो, देवाची मर्जी. मला भाकरी वाढत्यात, अंगावर पांघरूण घालत्यात. कुणी दोन मुस्काडात सुदीक दिल्या न्हाईत.” त्याचा आवाज चिरकला. “न्हाईतर म्हणा, माझं चुकलं, तुझं काय न्हाई. तसं म्हणा. पर कायतरी येक म्हणा. मी घरी जातो.”

आप्पा ऐंशीच्या पुढचे. पाटावरून उठायला त्यांना कुणाचा तरी खांदा लागायचा. आज कुणी नव्हतं. भिंतीला हात टेकत ते उठले, दोन पावलं पुढं आले, आणि म्हाळूच्या समोर खाली फरशीवर बसले. बसताना हाडं वाजली.

म्हाळू संकोचून मागं सरकला. आप्पांना खाली बसलेलं त्यानं कधी बघितलं नव्हतं. कुणीच बघितलं नव्हतं.

“खांबाला टेकून तू होतास,” आप्पा म्हणाले. “ती तुझ्या उजव्या अंगाला. अंगावर हिरवी साडी. पदराची गाठ चावत होती.”

म्हाळूनं वर बघितलं.

“तुमास्नी… दिसलीती?”

“पाटापासून खांब किती लांब आहे?”

म्हाळूनं अंतर बघितलं. चार हात असेल. पाच नक्की नाही.

“तिनं हात वर केलेला…”

“दिसला.”

“म्या खाली वढलेला…”

“तोही.”

वाफेच्या खोलीतल्या चुलीवर आज आधण नव्हतं. आत कुणीतरी पेजेचं भांडं खरवडत होतं, तेवढाच आवाज.

“मग तुमी का न्हाई इचारलं तिला?” म्हाळू म्हणाला. त्याच्या आवाजात आता राग नव्हता. एखाद्या रोग्यानं औषधाचं विचारावं तसं तो विचारत होता. “येकदा म्हणायचं हुतं… पोरी, काय गं? येवढंच म्हणायचं हुतं.”

आप्पांनी डोळे मिटले.

“गप बस, असं तू तिला म्हणालास…” आप्पा म्हणाले. “ऐकलं मी. आणि तिच्यासारखाच मीही गप बसलो.”