टोपलीतला फोन

"...पण माणसाच्या मनातलं यंत्राला कळतं का, बुवा? तेवढं सांगा."

दामूबुवा मठाच्या ओसरीवर वाती वळत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"तुला काय वाटतं?"

"नाही कळत! तुम्हीही तसं म्हणा, की उद्या ताठ मानेनं राजीनामा देते."

वसुधाताई कारखानीस बाजार-संशोधनातल्या. कोण कुठला साबण घेतं, कुठला चहा पितं, हे घरोघरी विचारायचं आणि कंपन्यांना सांगायचं. सासूसमोर विचारलं की सून साबणाचं नाव वेगळं सांगते, हा त्यांचा लाडका शोध. तो त्यांनी भेटेल त्याला ऐकवलेला होता.

"आता कुणी दारच उघडत नाही," त्या म्हणाल्या. "नवराबायको दोघं कामावर, वाणसामान फोनवर. आमच्या ऑफिसातली एक मुलगी तर कुणाला विचारतच नाही. लोक फोनवर काय बघतात, कशावर थांबतात, ते यंत्राकडून काढून घेते. माझी खुर्ची तिला दिली, बुवा! माझ्याच हाताखाली शिकलेली."

"नाव काय तिचं?"

"असेल काहीतरी... मी तिचा विचारसुद्धा करत नाही."

हा निव्वळ जळफळाट होता. ओसरीवर झोपलेल्या मांजरालाही तो कळला असता.

"तुझ्याच पद्धतीनं एक विचारतो," बुवा म्हणाले. "या आठवड्यात सगळ्यात जास्त आठवण कुणाची झाली?"

ताईंनी हात जोडले. "तुमचीच, बुवा."

बुवा खुदकन हसले. "सासूसमोर विचारलं ना मी."

मठात येताना फोन दाराशी टोपलीत ठेवायचा, असा तिथला नियम. बुवा उठले आणि टोपलीच घेऊन आले.

"उघड तुझा."

ताईंनी फोन उघडला, रोजचं फोटोंचं ॲप समोर आलं. पहिलाच फोटो एका हसऱ्या मुलीचा, हातात बक्षीस, मान जराशी कलती. त्यांनी घाईनं पुढे सरकवलं. पुन्हा तीच, व्यासपीठावर. मग तीच, मैत्रिणींच्या घोळक्यात.

"रेवा," ताई हळूच म्हणाल्या. "रेवा नाव तिचं."

"या फोननं तुला काही विचारलं होतं?"

"नाही... आपण ज्यावर थांबतो तेच हा पुढे आणतो. मी थांबते. रोज. हेवा वाटतो हो तिचा. म्हणजे कळतंच की यंत्राला... हरले मी."

बुवांनी एक वात वळून पूर्ण केली.

"कुणाला बघतेस ते याला कळलं. का बघतेस?"

जन्मभर हा प्रश्न ताईंनी लोकांना विचारला होता. खुद्द ताईंना कधी कुणी विचारला नव्हता.

"तिची मान बघा," फोन पुढे करत त्या म्हणाल्या. "ही अशी कलती. मीच शिकवली. दारात असं उभं राहिलं की आतली बाई विश्वास ठेवते. ती अजून तशीच उभी राहते... आणि माझं नाव कुठेच घेत नाही."

बुवांनी त्यांच्या हातातून फोन घेतला आणि टोपलीत ठेवला.

"एवढी दारं वाजवलीस, बाई. तिचं कधी वाजवणार?"