चिंध्यांपुढे काढलेले बूट

चित्रकार चिंतोपंतांनी गावोगाव फिरून धनगरी घोंगड्या जमवल्या. महाराजांना त्या दिवाणखान्यात मांडायच्या होत्या, पण विलायतेहून शहाणे होऊन आलेले दिवाण अमृतराव म्हणाले, "या चिंध्या तबेल्यात टाका. इथे विलायती गालिचाच शोभतो."

दुसऱ्या दिवशी दरबाराआधी पंतांनी त्याच गालिच्यावर मधोमध एक घोंगडी अंथरली. दिवाणसाहेब बूट वाजवत गालिचा तुडवत आले. घोंगडीवर पायताण घालून पाय ठेवायचा नाही, ही लहानपणची शिकवण. घोंगडीपाशी ते आपसूक वाकले आणि बुटांच्या नाड्या सोडू लागले.

पंतांनी अदबीने विचारले, "साहेब, गालिच्यावर बूट चालले. मग चिंध्यांपाशी का काढताय?"

दिवाण वाकलेलेच राहिले. महाराज हसून म्हणाले, "पंत, आता तबेल्यात काय पाठवायचं?"

"गालिचा, सरकार. घोडेही पायातले नाल काढत नाहीत."