शनी हातचा निसटतो तेव्हा

"मग तो पळतो का, एवढंच सांगा मला."

श्रीपाल मगदूमनं दुर्बीण मठाच्या ओट्यावर उभी केली. टेकडी चढून त्याला दम लागला होता. राग मात्र दमला नव्हता.

कृष्णाक्का सुपात शेंगा फोडत बसल्या होत्या. या मठात त्या एकट्याच राहत. खालच्या गावची माणसं अडलं-नडलं की वर येत, आणि श्रीपाल वकील झाला तरी येतच राहिला होता.

"कोण पळतो?"

"शनी. दुर्बिणीत धरला की निसटतो. परत धरायचा, परत निसटतो. दुकानात नेऊन दाखवली. दुकानदार म्हणतो, वस्तू चोख आहे. तोंडावर खोटं बोलतो..."

"त्यासाठी एवढा चढ चढलास?"

श्रीपालनं कपाळाचा घाम पुसला. मग सगळंच बाहेर आलं.

आदल्या संध्याकाळी त्याचा थोरला भाऊ भीमगोंडा घरी आला होता. शेताच्या वाटण्या झाल्यापासून त्यानं श्रीपालचा उंबरा ओलांडला नव्हता. श्रीपालनंच निरोप धाडला होता... दुर्बीण घेतलीय, गच्चीवर ये, शनीची कडी दाखवतो. लहानपणी दोघं उसाच्या राखणीला जात, तेव्हा भाऊच त्याला उताणं निजवून आकाश दाखवायचा. आता आपण त्याला दाखवावं, एवढीच हौस होती.

श्रीपालनं सगळ्यांत मोठं दाखवणारं भिंग बसवलं. शनी मधोमध आणला आणि बाजूला झाला. भीमगोंडानं चष्मा काढला, तो खिशात घातला, गुडघ्यावर हात टेकून वाकला.

"काळंच आहे की."

श्रीपालनं पुन्हा लावून दिलं. भाऊ वाकेपर्यंत पुन्हा काळं. तिसऱ्या खेपेला भीमगोंडा सरळ उभा राहिला.

"तुझं हे असंच. बोलावतोस, आणि बघावं तर काही नसतं."

तिथून शब्दाला शब्द लागला. बांध निघाला, विहीर निघाली. वाढलेलं ताट तसंच राहिलं.

"माझ्या गच्चीवर, अक्का. माझ्या बायकोसमोर. मी होऊन बोलावलं, आणि हा मला खोटा ठरवून गेला. त्या दुकानदाराला मी कोर्टात उभा करीन, पण दादाचं काय करू? पहिला दादा राहिलाच नाही तो. लांब गेला."

"तू काय बोललास त्याला?"

"जे खरं तेच बोललो."

अक्कांनी सूप बाजूला सारलं. खाली गावात दिवे लागत होते. पूर्वेला शनी चांगला वर आला होता.

"लाव," त्या म्हणाल्या.

श्रीपालनं लावली. अक्का वाकल्या, डोळा भिंगाला भिडवला. लगेच त्याचा हात दुर्बीण सरकवायच्या स्क्रूकडे गेला. अक्कांनी न बघताच तो बाजूला केला.

"निसटेल, अक्का."

"निसटू दे."

...

"गेला असेल आता."

"गेला."

तरी त्या वाकलेल्याच. श्रीपालला राहवेना. रिकाम्या काळोखात ही बाई काय बघतेय? आपण इथं आपलं दुखणं घेऊन आलो, आणि ही...

"अक्का, तिथं काही नाही आता."

त्या उठल्या. "आता तू बघ. नीट लावून घे. मग हात पाठीमागं बांध."

"हात बांधून काय होणार?"

अक्कांनी नुसतं दुर्बिणीकडं बोट दाखवलं.

त्यानं चिडूनच लावून घेतलं आणि हात मागं नेले. इतक्या दिवसांत तो असा कधी वाकलाच नव्हता. एक हात सदा स्क्रूवर असायचा.

शनी दिसला. फिकट पिवळा, हरभऱ्याच्या डाळीएवढा, भोवती कडी घेऊन. पळत नव्हता. एका संथ चालीनं कडेकडे सरकत होता, जराही न थबकता. श्रीपालची बोटं पाठीमागं वळवळली. त्यानं ती घट्ट धरून ठेवली. आधी कडी कडेला टेकली, मग गोळा अर्धा झाला...

मग नुसता काळोख.

तो ताठ झाला. आवाज चढला होता.

"बघितलंत? मी बोटसुद्धा लावलं नाही. तुम्ही नाही लावलं. आपण दोघं गप उभे, आणि तो गेला. आता तरी म्हणा, दोष कुणाचा ते."

अक्का ओट्याच्या कडेला बसल्या. शेजारची जागा त्यांनी हातानं झाडली. श्रीपाल बसला नाही.



"शनी कुठं जातोय? आहे तिथंच आहे तो," अक्का म्हणाल्या. "फिरतोय तो तुझ्या पायाखालचा ओटा."