पिंडासमोर दिलेला शब्द

एकदा एका नदीकाठच्या मतदारसंघात एक वृद्ध आमदार राहत होते. लोक त्यांना नाना म्हणत. त्यांना पहिल्यांदा मत देणारी तरुण मुले आता आजोबा झाली होती, आणि त्यांची नातवंडेही नानांनाच मत देत होती. इतकी वर्षे निवडून येणाऱ्या माणसाजवळ काहीतरी विद्या असली पाहिजे, असे समजून अनेक तरुण त्यांच्याकडे शिकायला येत. अध्यात्मात अशांना शिष्य म्हणतात, राजकारणात कार्यकर्ता म्हणतात. फरक एवढाच की कार्यकर्त्याला गुरूच्या आसनावर बसण्याची घाई जरा अधिक असते.

या शिष्यांमध्ये विश्वंभर सर्वांत जवळचा होता. नाना आता थकले होते. पुढची निवडणूक लढवणार नाही, असे त्यांनी बोलून दाखवले होते, आणि उमेदवारी विश्वंभरला मिळेल असे सारा तालुका धरून चालला होता. नानांचा पुतण्या मात्र ते धरून चालला नव्हता, आणि म्हणून विश्वंभरला झोप लागत नव्हती.

नानांचे सगळेच विश्वंभरला समजत असे. एक गोष्ट मात्र कधीच समजली नाही.

त्या भागात कोणी वारले की दहाव्याला नदीच्या घाटावर मोठी गर्दी जमते. तिथे पुढारी श्रद्धांजलीची भाषणे करतात. निवडणूक जवळ आली की भाषणे लांबतात, हेही सर्वांना ठाऊक असते. मग पिंड मांडला जातो आणि सगळे कावळ्याची वाट पाहतात. कावळा शिवला नाही, तर मृताची काही इच्छा राहिली असे मानून घरचे लोक पुढे होतात, हात जोडतात आणि शब्द देतात. मुलीचे लग्न करू, भावाशी भांडण मिटवू, म्हातारीला सांभाळू. कावळा शिवला की सगळे मोकळा श्वास घेतात. कितीही वाट पाहून नाहीच शिवला, तर गुरुजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात आणि लोक जड पायांनी घरी जातात.

नाना मतदारसंघातला एकही दहावा चुकवत नसत. पण ते शेवटच्या रांगेत उभे राहत आणि तोंडातून अक्षर काढत नसत. एकदा एका सरपंचाच्या दहाव्याला कावळा शिवेना, तेव्हा गावकरी त्यांना म्हणाले, "नाना, शाळेच्या इमारतीचा शब्द द्या. त्यांचा जीव त्यातच अडकलाय." नाना हात जोडून उभे राहिले आणि गप्पच राहिले. शेवटी दर्भाचा कावळा करावा लागला. गाव रुसले, शेजारची गावे रुसली, आणि नाना ती एक निवडणूक हरले. उभ्या कारकिर्दीतला तेवढाच पराभव. त्या रात्री विश्वंभर ढसाढसा रडला होता. एका वाक्याने काय बिघडले असते, हे त्याला तेव्हाही कळले नाही आणि नंतरही कळले नाही.

अशात नदीपलीकडच्या गावातल्या तानूआजी वारल्या. नानांचे गुडघे दुखत होते, म्हणून त्यांनी दहाव्याला विश्वंभरला पाठवले.

घाटावर सारे गाव होते. पिंड मांडला. झाडावर कावळे होते, पण एकही खाली येईना. तानूआजींचा मुलगा रंगनाथ पुढे झाला. म्हणाला, "आई, धाकट्याला अंतर देणार न्हाई." सून म्हणाली, "तुमची गाय इकणार न्हाई." उन्हे चढली. लहान मुले भुकेने किरकिरू लागली. लोक एकमेकांकडे आणि मग हळूहळू विश्वंभरकडे पाहू लागले.

विश्वंभरला तो जुना पराभव आठवला. ती चूक आपण करायची नाही, असे ठरवून तो पुढे झाला. डोक्यावर रुमाल घेतला, हात जोडले आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "आजी, या नदीवर पूल व्हावा म्हणून तुमचा जीव अडकला असेल. मी शब्द देतो. पूल होणार."

आणि कावळा खाली आला. पिंडाला शिवला.

लोकांनी विश्वंभरला नमस्कार केले. संध्याकाळपर्यंत ही गोष्ट तालुकाभर झाली. पुतण्याच्या गोटात शांतता पसरली. उमेदवारीवर आता माणसांनीच नव्हे, पितरांनीही शिक्का मारला, असे विश्वंभरला वाटले आणि तो आनंदाने नानांकडे गेला.

नानांनी सगळे ऐकले. शाबासकी दिली नाही आणि रागावलेही नाहीत. थोडा वेळ गुडघ्यावर तेल चोळत बसले आणि म्हणाले, "उद्या सकाळी गाडी काढ. आपण त्या गावाला जाऊ."

"कशाला, नाना? काम तर झालंय."

"तू आज जे बोललास, ते उद्या परत बोलायचं. त्याच शब्दांत."

विश्वंभर चक्रावला. पण गुरूपुढे प्रश्न फार विचारायचे नसतात, विशेषतः उमेदवारी जाहीर व्हायची असताना.

दुसऱ्या दिवशी गाव पारावर जमले. नाना सवयीप्रमाणे मागे जाऊन बसले. विश्वंभर उभा राहिला आणि म्हणाला, "या नदीवर पूल होणार. मी शब्द दिला आहे."

टाळ्यांची त्याची अपेक्षा होती. त्याऐवजी एका म्हाताऱ्याने विचारले, "कुठनं होणार?"

"म्हणजे... नदीवरनं."

"नदी लांब हाय, साहेब. कुठनं?"

दुसरा म्हणाला, "जुन्याच आखणीनं का? मग रस्ता कुणाच्या रानातनं जाणार, ते बी सांगा."

एक बाई म्हणाली, "पोरींची शाळा पलीकडं हाय. हा पावसाळा गाठणार का पुढचा?"

विश्वंभरला यातले काहीच माहीत नव्हते. त्याने मागे नानांकडे पाहिले. नाना जमिनीकडे पाहत होते. त्याने रंगनाथकडे पाहिले आणि जरा आधार शोधत म्हणाला, "आपल्या तानूआजींची शेवटची इच्छा होती..."

रंगनाथ उठला. आवाज न चढवता म्हणाला, "साहेब, आईचा पुलाला इरोध व्हता. त्यो रस्ता आमच्या हिरीवरनं जात व्हता. पूल झाला तर हिरीत उडी टाकीन, असं ती नानास्नी तोंडावर सांगून आल्ती. सगळ्या गावाला ठावं हाय."

विश्वंभरला आपण काय केले ते कळले. ज्या गोष्टीला म्हातारी जन्मभर आडवी गेली, तीच गोष्ट त्याने तिच्या पिंडासमोर तिला देऊ केली होती.

"मग काल कोणी बोललं कसं नाही?"

"कावळा शिवला व्हता," रंगनाथ म्हणाला. "सगळ्यास्नी भुका लागल्या व्हत्या. आन् दहाव्याला भांडान कोन काढतंय?"

परतीच्या वाटेवर विश्वंभर गाडी चालवत होता. त्याला लाज वाटत होती, पण लाजेहून गोंधळ मोठा होता. शेवटी त्याने विचारले, "नाना, तिला पूल नको होता. मग कावळा का आला?"

"मला काय माहीत? त्यालाही भूक लागली असेल."

"तुम्हाला सगळं ठाऊक होतं. मग मला पाठवताना सांगितलं का नाही?"

तेव्हा नाना म्हणाले, "मी तुला उभं राहायला पाठवलं होतं, बोलायला नाही. विश्वंभर, पिंडासमोर बोलणं फार सोपं असतं. पूल कुठून, हे कावळा विचारत नाही. आपल्याला मात्र वाटतं की आपलं म्हणणं पटलं. ती म्हातारी माझ्याकडे येऊन भांडायची. मला कधीच मत देत नाही, असं दर वेळी सांगायची. त्या भांडणात मला कळायचं, की त्या गावात नेमकं कोणाचं काय दुखतं. आता ती बोलणार नाही. म्हणून तिच्या वतीने तू बोललास, आणि सोयीचं तेवढं बोललास. मी त्या सरपंचाच्या दहाव्याला गप्प राहिलो, कारण ते स्वतः काय म्हणाले असते हे मला माहीत नव्हतं. त्यांच्या हयातीत मी ते विचारायला हवं होतं. ती माझी चूक होती, आणि निवडणूक त्याच चुकीनं गेली. बोललो नाही म्हणून नाही गेली."

विश्वंभरने मान डोलावली. त्याला अर्धे समजले आणि अर्धे समजल्यासारखे वाटले. उमेदवारीबद्दल विचारायचे त्याच्या ओठांवर होते, पण त्या दिवशी त्याला ते विचारवले नाही.

पुढे विचारायची संधीही आली नाही. उमेदवाराचे नाव जाहीर होण्याआधीच नाना गेले.

त्यांच्या दहाव्याला घाट पुरला नाही. नदीच्या दोन्ही काठांवर माणसे होती. पक्षाचे मोठे नेते पहिल्या रांगेत बसले होते. नानांची जागा कोणाला द्यायची, हे ते त्याच दिवशी लोकांच्या चेहऱ्यावर वाचणार होते, आणि हे पुतण्याला माहीत होते, विश्वंभरलाही माहीत होते. भाषणे झाली. पिंड मांडला. कावळे आले, झाडावर बसले आणि बसूनच राहिले.

पुतण्या पुढे झाला. "काका, तुमचं भव्य स्मारक उभारू." कावळे हलले नाहीत. "तुमच्या नावानं कॉलेज काढू." तरीही नाही. "तुमचं अपुरं स्वप्न मी पूर्ण करीन." एक कावळा उडाला आणि दुसऱ्या फांदीवर जाऊन बसला. पुतण्याचा चेहरा पडला.

मग सगळ्यांच्या नजरा विश्वंभरवर खिळल्या. एका नेत्याने त्याला कोपराने ढोसले आणि हळूच म्हटले, "बोला काहीतरी. तुमच्या शब्दाला मागे कावळा आला होता ना?"

विश्वंभर पुढे झाला. त्याने पिंडाकडे पाहिले. या माणसाला काय हवे होते? इतकी वर्षे सोबत राहून त्याने ते कधी विचारले नव्हते. नानांकडून आपल्याला काय हवे, तेवढेच त्याला पाठ होते. त्याला स्वतःची चीड आली. बोलावे तर खोटे, गप्प राहावे तर गुरूचा आत्मा याच्यामुळे अडकला असे उद्या तालुका म्हणणार. काय करावे, हे त्याला खरोखरच कळेना. त्या गोंधळात त्याची नजर गर्दीत गेली आणि मागच्या रांगेत हात जोडून उभा असलेला रंगनाथ त्याला दिसला.

विश्वंभर पिंडाकडे पाठ करून उभा राहिला. गुरुजींनी चमकून मान वर केली.

"रंगनाथराव," तो म्हणाला, "तुमच्या आईला पूल नको होता. मग काय हवं होतं?"

ही जागा तो प्रश्न विचारण्याची नव्हती. पहिल्या रांगेत कुजबुज झाली. पुतण्या गालात हसला.  रंगनाथने टोपी काढून हातात घेतली.

"पूल तिला बी पायजे व्हता, साहेब," तो म्हणाला. "माझी थोरली बहीण बाळंतपणात अडली, तवा नदीला पानी व्हतं. पलीकडं नेता आलं न्हाई. तवापासनं आईला पूल पायजे व्हता. फकस्त हिरीवरनं नको. ती हीर त्या बहिणीच्या बारशाच्या साली खांदल्याली. वरच्या अंगाला आमचा खडकाळ तुकडा हाय. त्यो देऊन टाकीन म्हनायची."

"मग तिनं हे कोणाला सांगितलं का नाही?"

"तिला समदे येकच इचारायचे. इरोध कवा सोडतीस? नाना बी त्येच इचारायचे. भांडान ऐकून घ्यायचे, च्या पाजायचे, पर दुसरं कुनी काय इचारलंच न्हाई."

 पलीकडच्या गावची माणसे पुढे सरकली आणि रंगनाथभोवती जमली. कोणी विचारले, तो तुकडा नेमका कुठला? कोणी म्हणाले, तिथे नदी अरुंद आहे, पूल लहानच लागेल. विश्वंभर त्यांच्यात उभा राहून ऐकत होता आणि डोळे पुसत होता. आज उत्तर मिळाले, पण ज्या माणसाला ते सांगावे, तो उरला नव्हता.

उमेदवारी पुढे त्यालाच मिळाली. ज्या घराने नानांना कधी मत दिले नाही, त्या घरातला रंगनाथ त्याच्यासाठी दारोदार फिरला. आज पूल खडकाळ तुकड्यावर उभा आहे आणि विहिरीला अजून पाणी आहे.

पण हे सगळे नंतरचे. त्या दिवशी घाटावर गुरुजींनी शेवटी घसा खाकरला आणि सगळे पिंडाकडे वळले. पिंड एका बाजूने विस्कटला होता आणि शिते पायरीवर सांडली होती.

"कावळा शिवला का?" गुरुजींनी विचारले. "कोणी पाहिलं?"

कोणीच पाहिले नव्हते. सगळे रंगनाथचे ऐकत होते.